सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ढगाळ, दुपारी लख्ख ऊन. खिडक्यांचे पडदे धुतले. सूनबाईंना रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दहापैकी तीन गुण. सलग चौथी वेळ. सर्वांची पानं वाढली, स्वतः जेवल्या नाहीत.

डायरीत कुणाची बाजू घ्यायची नाही, असा सासूबाईंचा नेम. त्यामुळे तीनच गुण का, ते तिथे लिहिलेलं नाही. ते असं.

सूनबाईंचं वय एकोणचाळीस. लग्न ठरलं तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि 'लग्नानंतर बघू' असं ठरलं होतं. ते बघायला एकोणीस वर्षं लागली. लेक दहावी झाली आणि सूनबाईंनी सकाळच्या चहाबरोबरच जाहीर केलं, की कॉलेजात नाव घातलं आहे. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "जा की. पण एकदाच हं. नापास झालीस तर विषय बंद." यात आपण फार उदारपणा दाखवला, असं त्याला मनापासून वाटलं.

लेखी विषयांत सूनबाई पोरांच्या पुढे होत्या. घोडं अडलं ते प्रयोगशाळेत.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, डाग पडलेली टेबलं, एक पाय आखूड असलेली स्टुलं आणि एक नळ, जो बंद केला तरी गळे. तिथे उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, एक द्रावण थेंबथेंब खालच्या फ्लास्कात सोडायचं, फ्लास्कातलं पाणी गुलाबी झालं की थांबायचं, आणि किती लागलं तो आकडा वहीत लिहायचा. आकडा नऊ पॉइंट आठ यायचा. गेल्या वर्षी तेवढाच आला होता, त्याच्या आधीच्या वर्षीही. मोठ्या भावंडांच्या वह्या वर्गात फिरत असल्यामुळे बहुतेकांचा आकडा ब्युरेटला हात लावण्याआधीच आलेला असे. काही हुशार मुलं मध्ये एखादं नऊ पॉइंट सात टाकत. तेवढंच खरं वाटावं म्हणून.

सूनबाईंचा यायचा दहा पॉइंट चार. कधी दहा पॉइंट सहा. जे आलं ते त्या लिहायच्या.

प्राध्यापक वयाने त्यांच्याहून लहान. ते केबिनमध्ये बसून वह्या तपासत. प्रयोग बघायची त्यांना गरज नव्हती, उत्तर पाठ होतं. सूनबाईंच्या वहीवर तांबडी रेघ मारून ते म्हणाले, "काकू, स्वयंपाकासारखं अंदाजपंचे चालत नाही इथे."

"सर, मी अंदाज केलाच नाही. मोजलंय."

"मग सगळा वर्ग खोटा आणि तुम्ही एकट्या खऱ्या का?"

सूनबाईंना याचं उत्तर ठाऊक होतं, पण ते देऊन गुण वाढले नसते.

अखेर घोळ उकलला तो प्रयोगशाळेच्या शिपायाने. त्याला सगळे मामा म्हणत. बत्तीस वर्षं त्याने हीच द्रावणं बनवली होती. एक दिवस बाकी पोरं आकडे लिहून कॅन्टीनला पळाल्यावर तो सूनबाईंच्या मागे येऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्याइतकी स्वच्छ ब्युरेट या खोलीत कुणी धूत नाही."

"सवय आहे हो. बोट फिरवलं की काच चुंई वाजली पाहिजे."

"तिथेच तर मार खाताय. धुतल्यावर आत पाणी राहतं. त्यावरच द्रावण ओतता, ते पातळ होतं, मग जास्त लागतं. दुधात पाणी घालताय तुम्ही! आधी थोडं द्रावण आत खळबळून टाकून द्यायचं, मग भरायचं."

सूनबाईंनी ब्युरेट उजेडात धरून आत बघितलं. "हे सरांनी का नाही सांगितलं?"

"सर वही बघतात. ब्युरेटमध्ये कशाला डोकावतील?"

त्या दिवशी त्यांचा आकडा पहिल्यांदा नऊ पॉइंट आठ आला. आनंद साजरा करायला मात्र उशीर झाला होता. वर्षभराचे गुण इतके तळाला गेले होते, की परीक्षेत पन्नासपैकी तीस मिळाले तरच तरणोपाय होता.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर. सूनबाईंनी ब्युरेट धुतली, द्रावणाने खळबळली, भरली. गुलाबी रंग आला तो अकरा पॉइंट तीनला.

पुन्हा केलं. अकरा पॉइंट तीन. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारच्या मुलीने मान न वळवता फुसफुस केली, "काकू, काय करताय? नऊ पॉइंट आठ लिहा ना!"

"येत नाहीये गं."

"मला तरी कुठे आलंय? मी अजून सुरूच नाही केलं."

सूनबाईंनी पेन उचललं. नऊ लिहिला की वर्ष पदरात. अकरा लिहिला की घरी जाऊन नवऱ्याचं 'विषय बंद' ऐकायचं. पण वर्षभर चुकीचा आकडाही त्यांनी खरा लिहिला होता. आता बरोबर हाताने आलेला आकडा खोडायचा, तर मग गेलं वर्ष मूर्खपणात गेलं म्हणायचं. त्यांनी अकरा पॉइंट तीन लिहिलं, तीनदा, सुवाच्य.

परीक्षकांनी तीस कागद चाळले. "वा! एकोणतीस जणांचं तंतोतंत एक उत्तर. अशी अचूकता मी आयुष्यात पाहिली नाही. आणि हे एक अकरा-तीन कुणाचं?"

"त्या काकू आहेत, सर. त्यांचं नेहमीच चुकतं," प्राध्यापक म्हणाले.

दारातून मामा म्हणाला, "साहेब, जुनं द्रावण परवा संपलं. हे नवीन केलंय. मी सकाळी करून बघितलं. अकरा-तीनच येतंय."

परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि प्राध्यापकांना केबिनकडे चलायची खूण केली.

मग केबिनचं दार लागलं. आत काय झालं ते मामाने चहा नेताना ऐकलं आणि बाहेर सूनबाईंना सांगितलं. परीक्षक म्हणत होते, एकोणतीस नापास करा. प्राध्यापक म्हणत होते, निकाल तीन टक्के लागला तर कॉलेजला तोंड दाखवायला जागा नाही. चहाच्या दुसऱ्या कपाला तोड निघाली. नवीन द्रावण संशयास्पद ठरलं. विद्यार्थ्यांचा दोष नाही, म्हणून सगळ्यांना सरसकट बत्तीस.

"आणि मला?"

"एकतीस. तुमच्या वहीला कव्हर नाही."

सूनबाई आधी संतापल्या. मग मनातल्या मनात बेरीज केली, पुन्हा केली, आणि तिथेच जिन्यात बसून हसायला लागल्या, इतक्या, की मामा पाणी आणायला धावला.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"पास. एकाने."

"एका गुणानेच? जरा अजून अभ्यास करायला हवा होतास."

सूनबाईंनी त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि आपलंही वाढून घेतलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी डायरीत लिहिलं: सूनबाई पास. गॅसचा सिलिंडर संपला, सव्वीस दिवस चालला.