भूगोलाचा मास्तर आणि रिव्हर्स न पडणारी जीप

भूगोलाचा मास्तर आपल्याच जिल्ह्यात हरवू शकतो. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, स्वतः करून पाहिलेलं आहे. तेही सहकुटुंब आणि सासऱ्यांच्या देखत.

बहात्तर सालची गोष्ट. नगरच्या एका शाळेत मी पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायचो. 'वाळवंट' हा धडा म्हणजे माझा हुकमाचा एक्का! फळ्यावर उंट काढायचो (वशिंडं एक की दोन, ते खडू किती उरलाय त्यावर अवलंबून), वाळूच्या वादळाचा आवाज तोंडाने काढायचो, आणि शेवटी कपाळावरचा घाम असा काही पुसायचो की मागच्या बाकांवरच्यांनाही तहान लागायची. त्या मार्चमध्ये मी असाच घाम पुसत असताना पाचवीच्या पहिल्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, तुम्ही स्वतः पाहिलंय का वाळवंट?"

हात सुमनचा. म्हणजे माझ्याच मुलीचा! शाळेत ती मला 'सर' म्हणायची, आणि वाळवंट सोडाच, मी मनमाडच्या पलीकडे गेलेलो नाही हे तिला घरून पक्कं ठाऊक होतं. पन्नास पोरं माझ्याकडे बघायला लागली. आता खरं बोलायला काय हरकत होती? पण नाही!

"या सुट्टीत पाहणार आहोत," मी म्हणालो. "राजस्थान! गाडीने! सहकुटुंब! तिथली अभयारण्यंसुद्धा!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत गेली. झालं! आता जूनमध्ये वाळवंट न पाहता वर्गात उभं राहायचं म्हणजे तोंड लपवून फिरायचीच पाळी.

घरी मी बायकोला, कुसुमला, बेत सांगितला. ती भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

"लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात," ती म्हणाली. "आपण नगरच्या उन्हातून उठून राजस्थानच्या उन्हात जायचं. आगीतून फुफाट्यात!"

"आणि तिथं पाणी नसतं म्हणे," आई आतून म्हणाली.

"आई, इथं तरी कुठे आहे?" आदल्या साली पाऊस रुसला होता आणि नळ आला तर शेजारीपाजारी एकमेकांना हाका मारून सांगत.

"मग इथंच बसू की! जायचा-यायचा त्रास तरी वाचेल."

एवढ्या उत्तेजनानंतर मी कामाला लागलो. चाळीस पानी वही केली. कुठे मुक्काम, कुठे जेवण, कुठे चिंकारा बघायचा, कुठे उंटावर बसायचं (आईने उंटाच्या पानावर फुली मारली) असं सगळं लिहून काढलं. फक्त गाडी नव्हती. गाडी होती सासऱ्यांकडे, कोल्हारला. पाटबंधाऱ्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा गडी. मिलिटरीच्या लिलावात त्यांनी एक जीप घेतली होती. तिला सगळं होतं, फक्त रिव्हर्स गिअर पडत नव्हता.

"म्हागं कशाला जायचंय?" मामा म्हणायचे. मी सासऱ्यांना मामाच म्हणायचो. "मानसानं फुडं बघावं."

मामा माझी वही उलटी-सुलटी बघून म्हणाले, "जावईबापू, गाडी तुमचीच हाय. मी सोता चालवत नेतो तुमास्नी राजस्थानला. पर लई लांबचा पल्ला हाय. आदी एक दिस जवळपास जाऊन बघू. तुमी रस्ता सांगायचा, मी हाकायची. दिवेलागनीच्या आत गाडी तुमच्या दारात उभी ऱ्हायली, की दुसऱ्या दिशी राजस्थान!"

"ठरलं!" मी म्हणालो. आणि वर स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, "वाटेत कुणाला रस्तासुद्धा विचारणार नाही. भूगोलाचा मास्तर रस्ता विचारतो काय?"

"तुमी सांगाल तसं," मामा म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच वाक्याने पुढे माझा घात केला.

रंगीत तालमीसाठी मी मिरजगावच्या पलीकडचा माळ निवडला. उजाड, कोरडा, आणि काळविटांसाठी प्रसिद्ध. म्हणजे घरगुती वाळवंटच! ड्रॉइंगच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला. मिरजगावपर्यंतचा रस्ता जिल्ह्याच्या नकाशावरून उतरवून घेतला होता. माळावरचे गाडीरस्ते मात्र मी अंदाजाने काढले. खरं सांगतो, जिथे कागद फार मोकळा दिसत होता तिथे काढले. आमचं घर लाल चांदणीने दाखवलं.

सकाळी सहाला निघालो. पुढे मामा आणि मी, मागे कुसुम, सुमन आणि आई. आईच्या काखेत पाण्याने भरलेली पितळी कळशी, तोंडाला फडकं बांधलेलं. "वाळवंटाची तालीम आहे ना? मग पाण्याचीही होऊ दे," असं तिचं म्हणणं. शिवाय दशम्या, चटणी, लोणचं आणि एक उशी.

मिरजगावपर्यंत कसलं विघ्न आलं नाही. (रस्ता एकच होता.) तिथून पुढे मी डांबरी सोडायला लावली आणि नकाशा मांडीवर पसरला.

"डावीकडे घ्या, मामा."

मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. "डावीकडं म्हनता? बरं. तुमी सांगाल तसं."

पाच मिनिटांत मागून एकच कल्ला झाला. "अगं बाई! ते बघ! अय्या! केवढाली शिंगं!" मी म्हटलं, "थांबा, आधी मला हा ओढा नकाशावर सापडू दे." ओढा काही सापडला नाही. मान वर केली तर नुसता धुरळा. काळविटांचा अख्खा कळप जीपसमोरून उड्या मारत गेला होता.

"वीस तरी होते, बाबा!"

"आणखी दिसतील," मी म्हणालो आणि परत नकाशात शिरलो.

मग एक घळ आडवी आली. रिव्हर्स नाही, म्हणून मामांनी अख्ख्या पडीक रानातून वळसा मारला. मी म्हणालो, "आता डावीकडे." पुढे बाभळीचं कुंपण आडवं. पुन्हा वळसा, पुन्हा "डावीकडे". एका मोठ्या कडुलिंबाखाली एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिच्याकडे पाहिलं. धुरळा उडवत पुढे गेलो.

तासाभराने आणखी एक कडुलिंब आला. त्याखाली आणखी एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती.

"या भागात पशुपालन हा मुख्य व्यवसाय दिसतो," मी माहिती दिली.

"अहो, तीच बाई आहे ती!" कुसुम म्हणाली. "तेच हिरवं लुगडं!"

"काय हरवलंय का वं?" म्हातारीने ओरडून विचारलं.

"नाही, नाही! पाहणी चाललीय!" मी ओरडलो.

"बाबा," सुमन म्हणाली, "मघाशी ऊन माझ्या डाव्या गालावर होतं, मग उजव्या गालावर आलं, आता परत डाव्या गालावर आलंय."

"पृथ्वी फिरते ना, बाळ."

"एवढी भराभर?"

दुपारचे साडेबारा झाले. कुसुमचे ओठ मिटले होते, आणि ते मिटले की मला जास्त भीती वाटते. शेवटी मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, आता शास्त्र! "भर दुपारी आपली सावली उत्तरेकडे पडते. मी वर्गात दरवर्षी शिकवतो. सावली बघायची, उत्तर सापडते, संपला विषय!"

खाली उतरलो. ताठ उभा राहिलो. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सावलीच नाही! मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, हेही मीच दरवर्षी शिकवतो. पण ते पुढच्या धड्यात असतं.

"बाबा, तुमची सावली कुठाय?"

"अगं बाई!" आईने कळशी घट्ट धरली. "सावली नाही? सावली तर भुताला नसते! मला मघापासून वाटतच होतं. हा चकवा आहे, चकवा! चकवा लागला की माणूस असाच गरगर फिरतो. काढ तो बुशशर्ट!"

"आई, मी शिकलेला माणूस आहे!"

"त्याचाच हा परिणाम! उलटा करून घाल. कपडा उलटा घातला की चकवा सुटतो. काढतोस की मी उतरू?"

मी मदतीसाठी मामांकडे पाहिलं. मामा आभाळाकडे बघत होते. "घाला, जावईबापू," कुसुम आपल्या वडिलांच्या आवाजात म्हणाली. तिची ती पहिली आणि शेवटची नक्कल. मी बुशशर्ट उलटा घातला. खिसे आत, शिवणी बाहेर, बटणं लावताना फजिती. गाडीत बसलो आणि अधिकाराने म्हणालो, "डावीकडे."

पाऊण तासाने तिसरा कडुलिंब आला.

आता म्हातारी थेट रस्त्यात उभी होती. हातात काठी. "आता उतराच!" ती म्हणाली. "च्या ठिवलाय. सकाळधरनं माज्या शेरडांस्नी पिरदक्षिना चाललीय तुमची." मग तिने मला उलट्या बुशशर्टात वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज मऊ केला. "ह्यास्नी देवाला न्हेताय व्हय? बरं हुतील, बरं हुतील."

तेवढ्यात तिची नजर मामांवर गेली आणि ती चकित झाली. "आवं, तुमी कोल्हारचं पाटील न्हवं? दरसाली बैलं घ्यायला येता की ह्या वाटेनं! माज्याच हातचा च्या पिऊन जाता! तुमी कसं चुकला?"

मामांनी फेटा सारखा केला. घसा खाकरला.

"मी न्हाई चुकलो, आजी."

कुसुम वडिलांकडे वळली, "दादा! म्हणजे तुम्हाला रस्ता माहीत होता?"

"ठावं हाय की. ह्यो लिंब सोडून उजवीकडं गेलं, की धा मिन्टात डांबरी."

"मग बोलला का नाहीत?"

"वा गं वा! जावई सांगतोय डावीकडं, आन् मी सासरा हून म्हनू उजवीकडं? जावयाला टोकायचं? आन् तेबी आयाबायांम्होरं? आपल्यात अशी रीत न्हाई!"

माझी मान खाली गेली. हा माणूस माझा मान राखण्यासाठी पाच तास रणरणत्या उन्हात गोल गोल गाडी हाकत होता, आणि मी त्याला पशुपालनाची माहिती देत होतो! मला इतकी लाज वाटली की आजीच्या चहात साखर नव्हती हेसुद्धा मी नंतर कुसुमकडून ऐकलं. आईने कळशीतलं निम्मं पाणी आजीला दिलं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट ठरल्याप्रमाणे उपयोगी पडली.

दशम्या खाल्ल्या, ऊन उतरेपर्यंत लिंबाखाली पडलो. मग मामा उजवीकडे वळले. खरंच दहा मिनिटांत डांबरी! जीपने सूर धरला. नगरच्या वेशीत शिरलो तेव्हा सूर्य अजून बोटभर वर होता. माझ्या अंगात पुन्हा जीव आला. राजस्थान, चिंकारा, पाचवीचा वर्ग, सगळं परत हाताशी आलं!

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी मामांनी गाडी हळू केली. "जावईबापू, परीक्षा ती परीक्षा. शेवटाला घर तुमीच दावायचं. कुटं उभी करू?"

आणि मी, देवाशपथ सांगतो, सवयीने नकाशा उघडला. लाल चांदणी शोधायला लागलो. मध्ये घडी पडली होती. घडी उलगडेपर्यंत मागून तिघी एकदम ओरडल्या, "अहो, घर गेलं! बाबा, घर! अरे मेल्या, घर!"

"मामा, मागे घ्या!"

मामांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

उतरून चालत गेलो असतो तर दोनशे पावलं होती. पण अट गाडी दारात आणायची होती! म्हणून पुढे गेलो. पुढे बैलगाड्या, टांगे, बाजारातून परतणारी माणसं. वळायला जागा मिळाली ती थेट दिल्ली दरवाज्याशी. मागे आई काखेत कळशी धरून बसलेली आणि आमचा गावाला वळसा चाललेला! परत दारात आलो तेव्हा शेजारणीने तुळशीपुढे दिवा लावून हात जोडले होते.

मामांनी इंजिन बंद केलं. आता तरी हा माणूस मला चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. सुनावले असते तर बरंच झालं असतं!

"जावईबापू," ते अगदी अदबीने म्हणाले, "गाडी तुमचीच हाय. कवाबी न्या. पोरीला न्या, इहीनबाईंस्नी न्या. फकस्त नकाशा घरी ठिवा." मग थोडं थांबून, आणखी अदबीने, "आन् तुमी बी."

जूनमध्ये शाळा उघडली. आमची पोरं सहावीत गेली होती, पण दैव असं की पहिल्याच तासाला सहावी माझ्याकडे. "सर, पाहिलं का वाळवंट?" सगळे एका सुरात. मी रुमालाने घाम पुसला. या वेळी तो खरा होता. म्हटलं, विषय बदलावा.

"ते राहू द्या. आधी मला सांगा, उजाड माळावर वाट चुकली तर दिशा कशी ओळखायची?"

पहिल्या बाकावरून एकच हात वर आला. मी तिकडे न बघता दुसरा हात शोधत राहिलो. दुसरा हात नव्हता.

"सांग, सुमन."

"सर, कडुलिंबाखाली एक आजी असते. तिला पहिल्याच फेरीला विचारायचं."

वर्ग हसून लोटपोट झाला. मी मात्र सुमनला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि धडा पुढे चालू केला. पशुपालनाचा.