उस्मानच्या दंडातला ताईत

महायुद्ध चालू होतं. नगरच्या सेंटरमध्ये आमचं रिक्रूट ट्रेनिंग सुरू होतं. मी काष्टीचा. शेजारच्या खाटेवर उस्मान, राहात्याच्या पिंजाऱ्याचा मुलगा. पहाटे बिगुल, मग पीटी, मग परेड, मग पुन्हा पीटी. बाकीचे आम्ही जेवून आडवे व्हायचो. उस्मानला मात्र एक जादा ड्यूटी होती. स्वतःचा दंड तपासायचा.

निघताना त्याच्या आईनं दंडात काळ्या दोऱ्याचा ताईत बांधला होता. पोर अंगानं भरेल म्हणून सरकगाठ मारली होती. ताईत दंडात रुतला की आपण जवान झालो, असं यानं ठरवून टाकलं. आंघोळ झाली की ताईत ओढून बघायचा. जेवण झालं की ओढून बघायचा. चार जोर काढले की लगेच ओढायचा.

"रुतला का रं?" तो मला विचारायचा.

"न्हाई."

"लईच सैल झालाय. व्यायामानं मी वाळाया लागलोय गड्या."

आमचे हवालदार जाधव कोपरगावकडचे शेतकरी. त्यांनी एकदा ऐकलं. म्हणाले, "पेरलेलं रोज उकरून बघितलं तर उगवंल का?"

"मी पिंजारी हाय, उस्ताद. मला शेतीतलं काय कळतंय?"

त्याबद्दल त्याला ग्राउंडच्या जादा चकरा मिळाल्या.

शेवटी दोराची टेस्ट आली. पाठीवर रायफल घेऊन दोर चढायचा. नापास झाला तो घरी. "पलटण याला परत धाडती का न्हाई बघा," असं उस्मानचा बाप भर बाजारात बोलून बसला होता. परत जाऊन त्याच बापापुढं कापूस पिंजायचा, या विचारानं उस्मानची झोप उडाली होती. नेमका टेस्टच्या सकाळी ताईत घसरून मनगटावर आला. गड्यानं आजारी म्हणून सिक रिपोर्ट करायचं ठरवलं आणि लंगराच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, विहिरीजवळ जाऊन बसला. मी त्याला समजवायला गेलो.

तेवढ्यात पाणी शेंदणारा आमचा लंगरी बादलीसकट विहिरीत गेला. गडी चांगलाच गरगरीत.

"दोर सोडू नको!" मी विहिरीत वाकून लंगरीला ओरडलो.

उस्मान उठला. रहाटाच्या खांबाला पाय लावला आणि दोर ओढू लागला. मी काठावरून हात खाली केला. मला फक्त लंगरीची मानगूट धरून त्याला काठावर घ्यायचं काम उरलं. लंगरी पाणी ओकत पडला होता. उस्मान विहिरीत डोकावत होता. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं.

"ताईत गेला पाण्यात. आता मी नापासच."

हवालदार धावत आले. त्यांनी लंगरीकडे बघितलं, मग उस्मानकडे. "एवढं धूड वर काढलंस आन दोर चढायला भितोस? फॉल इन!"

टेस्टला उस्मान सर्वांत आधी दोर चढून वर पोचला. वरूनही तो स्वतःच्या दंडाकडेच बघत होता.

आघाडीवर जाण्याआधी रजा मिळाली. त्यानं मला राहात्याला नेलं. ताईत बुडाल्याचं त्यानं पत्रानं कळवलं होतं, म्हणून आईनं जुन्या मापानं नवा दोरा तोडून ठेवला होता. तो दंडाभोवती पुरेना.

"आधीचा सैल कसा झाला मग?" उस्माननं विचारलं.

"ओढून बघत हुतास व्हय? सरकगाठ हुती ती."

आई हसली आणि तिनं दोऱ्याला आणखी एक तुकडा जोडला. या खेपेला पक्की गाठ मारली. मी खो खो हसलो. बापही हसला, पण तोंड फिरवून.

ब्रह्मदेशात आमच्या सेक्शनचा एक जवान ओढ्यापलीकडे जखमी होऊन पडला. उस्माननं त्याला पाठीवर घेतलं आणि ओढा ओलांडून आणलं. जवान वाचला. काठ चढताना उस्मानला गोळी लागली आणि तो तिथंच गेला. फार चांगला गडी होता.

युद्ध संपल्यावर मी त्याच्या दंडातला ताईत घेऊन राहात्याला गेलो. आईनं दोरा बोटांनी चाचपला. जोडलेला तुकडा सापडल्यावर बोट तिथंच थांबलं. तो तुकडा तिनं बापापुढं धरला.

"एवढा वाढला हुता," ती म्हणाली.