खुर्ची हॉलशी बोलत नव्हती

माझ्या आईला मी आमच्या हॉलमधून बाहेर काढलं. त्यासाठी भांडावं लागलं नाही, आवाजही चढवावा लागला नाही. एक बुटका सोफा पुरला.

गोखिवऱ्यात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. पापडीचं घर धाकट्या भावाकडे राहिलं, तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली आणि येताना तिची खुर्ची घेऊन आली. सागवानी, उंच, सरळ पाठीची, बैठकीला वेताची वीण. हातांची टोकं तिच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झाली होती, कारण गुडघे दुखायला लागल्यापासून त्या टोकांवर भार देऊनच ती उठायची. हे आज मला इतकं नीट सांगता येतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की खुर्ची तपकिरी आहे आणि आमचा नवा हॉल तपकिरी असणार नाही.

नवा हॉल ही माझी कल्पना. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या फायली तपासतो. संध्याकाळी फोनवर मला सुंदर घरांचे व्हिडिओ दिसू लागले. त्यांत माणसं रिकाम्या खोलीत, रिकाम्या भिंतीकडे बघत, बहुधा रिकामाच कप हातात घेऊन बसलेली असायची. त्यांच्या चेहऱ्यावरची शांतता पाहून मला खात्री पटली की आमच्या घरात शांतता नसण्याचं कारण सामान आहे. माझा स्वभाव हेही कारण असू शकेल, असं बायको म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही.

डिझायनर मुलगी आली, हॉल पाहिला, डोळे किलकिले केले आणि म्हणाली, "सर, बाकी सगळं होईल. फक्त ही चेअर स्पेसशी बोलत नाहीये."

आई त्याच खुर्चीत मटार सोलत बसली होती. ती घरची बोली बोलते. इथे मी तिचं बोलणं सगळ्यांना कळेल असं लिहितो. ती म्हणाली, "खुर्ची कशाला बोलेल? ती गप्प असते म्हणून तर मी तिच्यावर बसते."

"आंटी खूप क्यूट आहेत," असं म्हणून मुलगी माप घ्यायला लागली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

काम झालं. भिंतींना असा रंग आला की शेजारच्या वहिनींनी विचारलं, "प्रायमर झालाय, रंग कधी लावणार?" कपाटांना आणि दारांना मुठी नव्हत्या, त्यामुळे पाहुणे बाथरूम शोधत भिंतभर हात फिरवायचे. कोपऱ्यात उंच बरणीत वाळक्या काटक्या उभ्या राहिल्या. आईने दोनदा त्या कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवल्या आणि दोन्ही वेळा मी परत आणल्या. भिंतीवर समुद्रात भिजून पांढरं पडलेलं एक वाकडं लाकूड, त्यावर वरून दिवा. भुईगावच्या किनाऱ्यावर अशी लाकडं लाटांबरोबर येऊन पडतात आणि लोक ती चुलीसाठी उचलून नेतात. आम्ही आमचं मुंबईतल्या दुकानातून, वेष्टनात गुंडाळून आणलं.

आल्तार, म्हणजे आमचा घरातला देव्हारा, हॉलमध्येच राहिला, पण सरकत्या फळीमागे. फळी सरकवली की क्रूस, मेणबत्ती, मारियामातेची तसबीर. बंद केली की नुसती भिंत.

आई म्हणाली, "म्हणजे देवालाही सांगून ठेवलंय का, पाहुणे गेले की बाहेर ये म्हणून?"

आणि मधोमध तो सोफा. पायाच्या घोट्याहून थोडा उंच, हात नाहीत, पाठ नावाला. बसलं की माणूस आत जायचा आणि गुडघे हनुवटीशी यायचे.

"हा जपानी विचार आहे," मी आईला समजावलं. "जमिनीच्या जवळ राहायचं."

"माझ्या वयाला त्याची घाई नसते," आई म्हणाली.

खुर्ची मी खाली सोसायटीच्या ऑफिसात देऊन टाकली. आईला विचारलं नाही. ती त्या दिवशी पापडीला भावाकडे गेली होती, आणि तो दिवस मी मुद्दाम निवडला होता. परत आल्यावर तिने जिथे खुर्ची असायची तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी घेऊन तिच्या खोलीत गेली.

पुढे ती हॉलमध्ये येईनाशी झाली. जेवण खोलीत, मटार खोलीत, प्रार्थनेची माळही खोलीत. मी लोकांना सांगायचो, आईला आता एकांत आवडतो. खरं सांगायचं तर मला त्या व्यवस्थेचा त्रास नव्हता. हॉल व्हिडिओतल्या हॉलसारखा राहायचा. कुठे चष्मा पडलेला नाही, सालं नाहीत, गुडघ्याला लावायच्या तेलाचा वास नाही.

ऑक्टोबर आला. हा आमच्याकडे माळेचा महिना. मारियामातेची मूर्ती एकेका संध्याकाळी एकेका घरी येते आणि आजूबाजूची कॅथलिक कुटुंबं तिथे जमून माळ म्हणतात. आमची पाळी आली तेव्हा मी खूश होतो. भक्तीने म्हणावं तर तसं नव्हे. इतकी माणसं आमचा हॉल बघणार होती.

मूर्ती घेऊन मंडळी दारात आली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती ठेवायला घरात जागाच नाही. भिंतीवरच्या फळ्या वीतभरही रुंद नव्हत्या. टीपॉय होता, पण तो नदीतल्या गोट्याच्या आकाराचा, वरून फुगीर. आल्तारच्या फटीत ती मावेना. गोल गुबगुबीत स्टुलावर ठेवून पाहिली तर ती माझ्याकडे झुकली.

माळ सांगणाऱ्या मावशी आमच्या समाजातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी शांतपणे विचारलं, "गेल्या वर्षी इथे खुर्ची होती ना? तुझी आई तिच्यावर पाट ठेवायची, वर विणलेला पांढरा रुमाल."

"ती आता नाही," मी म्हणालो.

"आई नाही?" मागून कोणीतरी घाबरून विचारलं.

"खुर्ची. आई आत आहे."

शेवटी मूर्ती मी हातात धरली. माळेची पाचही रहस्यं, म्हणजे तिचे पाच भाग, संपेपर्यंत मी हॉलच्या मधोमध मूर्ती कवटाळून उभा होतो, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे माळ काही माझ्या हातात नव्हती. मंडळी सोफ्यात रुतून बसली होती. प्रत्येक 'नमो मरिये' प्रार्थनेचं उत्तर हॉलमधून यायचं आणि मग किंचित उशिरा, बंद दाराआडून, आईच्या आवाजात पुन्हा यायचं. पहिल्या रहस्याला लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्यापर्यंत सगळे त्या दाराकडेच बघत होते. माझ्या भिंतींकडे कोणीही पाहिलं नाही.

शेवटचं गीत उभं राहून म्हणायचं असतं. मावशी उठायला गेल्या आणि परत सोफ्यात रुतल्या. एकाने त्यांना ओढलं, तोही वाकला. शेजारच्या वहिनी आधी जमिनीवर गुडघे टेकून मग उठल्या आणि म्हणाल्या, "या सोफ्यावरून माणूस आपोआप प्रार्थनेलाच लागतो." सगळे हसले. मी मूर्तीआड तोंड लपवलं.

मंडळी गेल्यावर मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती, मांडीवर तो विणलेला पांढरा रुमाल, घडी मोडलेला. तिने तो मूर्तीसाठी काढून ठेवला होता.

"बाहेर का नाही आलीस?" मी विचारलं, आणि विचारताना आवाजात तक्रार होती.

"एकदा आले होते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं ऑफिसला गेलेलात तेव्हा. तुझ्या सोफ्यावर बसले. मग उठताच येईना. धरायला काही नाही. सूनबाई संध्याकाळी आली, तिने उठवलं. तोवर मला बाथरूमलाही जाता आलं नाही." ती रुमालाची घडी घालू लागली. "तुला सांगू नको म्हटलं मीच तिला. तू इतक्या हौसेने आणलायस."

माफी मागायची ती वेळ होती. मी मागितली नाही. त्याऐवजी मी सोफ्याखाली ठेवायचे ठोकळे आणले, ज्यांवर तो डुगडुगू लागला. एक काठी आणली, तीही आकर्षक मुठीची, हातात न बसणारी. मग मान खाली घालून सोसायटीच्या ऑफिसात गेलो.

सेक्रेटरी आईच्या खुर्चीत बसले होते. "परत?" ते म्हणाले. "साहेब, आता ती सोसायटीची मालमत्ता. मीटिंगमध्ये ठराव घ्यावा लागेल." मग मी आईच्या गुडघ्यांबद्दल आणि त्या दिवसाबद्दल सांगितलं. ते खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "न्या. पाठीला चांगली होती."

मी खुर्ची हॉलमध्ये तिच्या जुन्या जागी ठेवली. नेमकी त्याच आठवड्यात डिझायनर मुलगी कामाचे फोटो काढायला आली. "सर, फक्त फोटोपुरती ही आत ठेवू या?"

आई खुर्चीत बसली होती. ती लगेच हातांवर भार देऊन उठू लागली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. तिचं ते उठणं मला जितकं लागलं तितका तिचा कुठलाच टोमणा लागला नव्हता.

"बस, आई," मी म्हणालो. मुलीला म्हटलं, फोटो काढायचा तर हिच्यासकट काढा. तिने कॅमेऱ्यातून पाहिलं, किंचित मान हलवली आणि काटक्यांचे फोटो काढायला गेली.

मी आईसमोर त्या सोफ्यावर बसलो. इतक्या खाली की मला मान वर करून तिच्याशी बोलावं लागलं.

"आई, तुझी खुर्ची मी तुला न विचारता काढली. तू घरी नसतानाचा दिवस बघून काढली. तू आत बसून राहतेस हे मला दिसत होतं, पण का ते विचारलं नाही, कारण तू नसलीस की हॉल चांगला दिसायचा. माझं चुकलं. मला माफ कर."