बाईंचा नळ्या घासायचा नियम

तापाच्या जंतूंमागे बाई जन्मभर हात धुऊन लागल्या होत्या. आज त्यांच्या नावाने कॉलेजात कायमचं प्राध्यापकपद सुरू झालं. भाषणं ऐकून कान किटल्यावर बाईंनी त्या पदावर नेमलेल्या मुलीला काठीनेच खुणावलं आणि थेट प्रयोगशाळेत नेलं. बेसिनमध्ये त्या मुलीच्या कालच्या प्रयोगाच्या काचनळ्या तशाच पडल्या होत्या.

“ज्याचा प्रयोग, त्यानेच नळ्या घासायच्या,” बाई फणकारल्या. “दुसऱ्याने घासल्या की चूकही दुसऱ्याच्याच माथी मारता येते.”

मुलीने कोटाच्या बाह्या वर सारून ब्रश उचलला. पहिली नळी बाईंनी उजेडाला धरली आणि परत दिली. दुसरी ठेवून घेतली. मग काठी भिंतीला टेकवून म्हणाल्या, “सरक जरा. पदाला नाव माझं लागलंय, अर्ध्या मी घासते.”