गाणारी मधोमध उभी आहे का?

आमच्या ताईला कोणी "तुम्ही रेडिओ दुरुस्त करता ना?" असं विचारलं, की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. ती पॉवर ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. घरात निवांत बसून मन लावून गाणं ऐकणाऱ्या हौशी लोकांकडे असतात ते. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या जाड पात्या, आणि एकट्याने उचलायला गेलं तर कंबर धरलीच म्हणून समजा. गाण्याचा बारीकसा आवाज आत घ्यायचा आणि मोठाले स्पीकर हलतील इतका जोर त्याला द्यायचा, एवढंच त्याचं काम. "एवढ्याशा कामाला एवढं धूड कशाला?" असं मी एकदा म्हणून बसले, तर बाईसाहेब दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. खिडकीपाशी कामाचं टेबल, त्यावर मीटर आणि तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री. समोरच्या भिंतीशी दोन उंच स्पीकर, आणि त्यांच्यापासून मोजूनमापून ठेवलेली एक लाकडी खुर्ची. खुर्ची हलू नये म्हणून भावोजींनी तिच्या पायांखाली वेगळ्या रंगाच्या चार फरशा बसवल्यात. भावोजी फरशी बसवायचंच काम करतात.

दुरुस्त झालेला प्रत्येक ॲम्प्लिफायर ताई त्या खुर्चीत बसून तपासायची. एकटी बाई गातेय असं एक गाणं लावायचं. ॲम्प्लिफायरची एकेक बाजू एकेक स्पीकर चालवते. त्या दोन्ही सारख्या असतील तर आवाज कुठल्याच स्पीकरमधून येतोय असं वाटत नाही. गाणारी दोघांच्या मधोमध, मोकळ्या भिंतीपुढे उभी आहे असं वाटतं. मला तिने पहिल्यांदा तिथे बसवलं, तेव्हा मी उठून भिंत चाचपून आले होते. ताई पोट धरधरून हसली होती.

मग तिचा उजवा कान गेला. साधा ताप आला, तो उतरला, आणि जाताना कान घेऊन गेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की आता तो परत येणार नाही. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याला आवाज कुठून आला ते कळत नाही. जेवताना मी चुकून तिच्या उजव्या बाजूला बसले तर माझ्या चहाड्या फुकट जायच्या, ते एक वेळ चाललं असतं. पण त्या खुर्चीत बसल्यावर समोरची जागा तिला रिकामी लागायची. गाणं ऐकू येत होतं, गाणारी दिसत नव्हती.

ताईने हाय खाल्ली नाही. रडणं आमच्या घरात माझ्याकडे आहे. तिने मीटरवरची तपासणी दुप्पट केली आणि खुर्चीत भावोजींना बसवलं.

इथे भावोजींविषयी सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा, पण गाण्यातलं काडीचंही कळत नाही. लग्नानंतर ताईने हौसेने त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं, तर दुसऱ्या ओळीला घोरायला लागले. तरी फरशीच्या बाबतीत त्यांच्यासारखा काटेकोर माणूस मिळायचा नाही. कोपऱ्यातली एक फरशी सूतभर सरकली तर गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना उखडून पुन्हा बसवतात.

तर हे खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "झकास! एक नंबर!" प्रत्येक वेळी. ताईला आधी बरं वाटलं, मग संशय आला. एका सकाळी तिने मुद्दाम एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारा उलट्या जोडल्या. असं केलं की गाणारी मधोमध उभी राहतच नाही, तिचा आवाज पाणी सांडल्यासारखा खोलीभर पसरतो. मी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होते. माझं घर वरच्याच मजल्यावर आहे, आणि अशा वेळी माझा पाय खाली ओढला जातोच.

भावोजींनी डोळे मिटले. "झकास," ते म्हणाले. "पहिल्यापेक्षासुद्धा छान."

ताईने गाणं बंद केलं. "तारा उलट्या आहेत," ती म्हणाली.

भावोजींचा चेहरा पडला. "अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"तुमची फरशी वाकडी बसली आणि मी नुसतीच 'छान छान' म्हणाले, तर चालेल?"

"नाही चालणार."

"मग? मला कौतुक करणारा नवरा नकोय हो. तो आहे माझ्याकडे. मला एक कान हवाय."

एवढं बोलून ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली. मला भावोजींचा राग आला होता, पण त्यांच्याकडे बघितल्यावर तो टिकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. गाणं चांगलं की वाईट हे सांगायचंच नाही, गाणारी कुठे उभी आहे तेवढंच सांगायचं. भावोजींना ते शब्दांत जमेना. मग त्यांनी आपली रीत काढली. डोळे मिटून ऐकायचं, बोट दाखवायचं, आणि उठून नेमकं त्या जागी जाऊन उभं राहायचं. ताई मुद्दाम एक बाजू कमीजास्त करायची आणि भावोजी कधी कपाटापाशी, कधी खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. फरशीच्या सांध्यांवरून ते स्वतःची जागा बघायचे. "दीड फरशी डावीकडे," असं ऐकलं की ताई खूश व्हायची.

अशात चष्मेवाल्यांचा ॲम्प्लिफायर आला. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. ते ताईचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, आणि बाकीची हौशी मंडळी त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. यंत्राची एक बाजू जळून गेली होती. ठेवून जाताना ते घुटमळले. "कानाचं ऐकलं मी," ते म्हणाले. "जमेल ना? म्हणजे, राग मानू नका."

"जमेल," ताई म्हणाली. ते गेल्यावर मला म्हणाली, "हा ॲम्प्लिफायर तक्रार घेऊन परत आला ना, तर मी दुकान बंद करणार. अंदाजपंचे काम करून नाव घालवायचं नाही मला." ताई बोलली की करते.

तिने जीव ओतून काम केलं. जळालेले भाग काढून नवे बसवले, दोन्ही बाजूंवर सारखाच भार देऊन पुरत्या जोराने तपासलं. पात्या हात लावू नये इतक्या तापल्या, पण दोन्हीकडचे काटे सारखे. चष्मेवाले संध्याकाळी न्यायला येणार होते. त्याच्या थोडं आधी तिने भावोजींना खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. कान गेल्यापासून ती सगळं मोठ्यानेच लावायची. वर माझं बाळ दचकून उठलं आणि मी जिन्यातूनच ओरडत खाली आले, "अगं ए, हळू लाव की! आत्ता कुठे झोपलं होतं!"

भावोजी आधीच मधोमध जाऊन उभे राहिले होते. झालं, तपासणी संपली होती. पण माझ्या धाकाने त्यांनी आवाज अगदी बारीक केला आणि उगाच परत खुर्चीत बसले. ताई खोक्याला पुठ्ठा लावत होती.

भावोजींनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. मग उठले आणि खिडकीजवळ जाऊन उभे राहिले.

"काय हो?" ताईने विचारलं.

"इथे आली ती."

"असं कसं होईल? काटे सारखे आहेत. आत्ताच तर मधे होती."

"होती. आता इथे आहे."

ताईने पुन्हा मीटर लावला, पुरत्या जोराने. दोन्ही बाजू सारख्या. घड्याळात चष्मेवाल्यांची वेळ होत आली होती. "झकास" म्हटलं असतं तर सगळे सुटले असते, आणि हे भावोजींनाही कळत होतं. "तू रागाव हवं तर," ते म्हणाले, "पण ती मधोमध नाही."

ताई रागावली नाही. तिने आवाज वाढवला. भावोजींनी खुर्चीत बसून ऐकलं आणि बोट मधे दाखवलं. तिने बारीक केला. थोडा वेळ बोट तिथेच होतं, मग हळूहळू खिडकीकडे सरकलं. ताईने कपाळावर हात मारून घेतला.

"रिले!" ती म्हणाली.

ॲम्प्लिफायर चालू केला की थोड्या वेळाने आतून टक् असा आवाज येतो. तो या रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या छोट्या आपोआप चालणाऱ्या बटणाचा. त्याच्या आतल्या, एकमेकींना टेकणाऱ्या धातूच्या टिकल्या काळ्या पडल्या, की मोठा आवाज त्यातून ढकलून पार होतो आणि बारीक आवाज अडतो. ताईने तो उघडून दाखवला. एका बाजूची टिकली काजळी धरल्यासारखी झाली होती.

"मी मोठ्यानेच तपासत होते," ती म्हणाली. "सगळं मोठ्यानेच. आणि चष्मेवाले रोज दुकान बंद करून आल्यावर हळू आवाजात ऐकतात. आजच त्यांच्या लक्षात आलं असतं."

नवा रिले खणात होता. तो बसेपर्यंत चष्मेवाले दारात हजर झाले, आणि ताईने त्यांना बसवूनच ठेवलं. झाल्यावर तिने सांगून टाकलं, "जोडते मी. शेवटी ऐकतात हे. चालणार असेल तर न्या."

चष्मेवाले खुर्चीत बसले. आवाज त्यांनी स्वतःच बारीक केला. बराच वेळ डोळे मिटून होते. मग त्यांनी बोट समोर केलं, डोळे उघडले, आणि बोटासमोर भावोजी उभे होते. "यांना कसं कळलं?" ते हसत सुटले. जाताना म्हणाले, "माझ्या मित्राचा एक बिघडलाय. उद्या पाठवू का?" ताईने मान डोलावली.

ॲम्प्लिफायर गाडीत चढवून आम्ही परत आलो. ताईने आपला जुना ॲम्प्लिफायर जोडला, तेच गाणं लावलं आणि भावोजींना तिथे बसवल्यापासून पहिल्यांदा स्वतः त्या खुर्चीत बसली.

"कुठे आहे हो?" तिने विचारलं.

भावोजी जाऊन मोकळ्या भिंतीपुढे उभे राहिले. पायाखालचा सांधा बघितला, अर्धं पाऊल सरकले. "इथे," ते म्हणाले.

"हलू नका," ताई म्हणाली. आणि गाणं संपेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत ऐकत राहिली.