पंच्यात बांधलेली म्हैस

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच असाल तर दुसरा चहा तुमच्याकडून, कारण हा किस्सा फुकटात सांगून सांगून मी आता दमलोय.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे काढतो. म्हणजे ढेपांच्या राशीपुढे उभं राहायचं, व्यापाऱ्यांची बोली चढवायची आणि आवाज असा लावायचा की गूळ घ्यायला न आलेल्या माणसानंही गूळ घेऊन जावा. रोज सकाळी माझं एकच पालुपद असतं, "माल बघून घ्या, मागनं तक्रार चालणार न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आमच्या चर्चमध्ये दर वर्षी कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं, शिजतं, ते आणून वेदीपुढं ठेवायचं. तांदूळ, भोपळे, नारळ, अंडी, एखादी कोंबडी. उपासना संपली की सगळ्याचा लिलाव, आणि येईल ते मंडळीच्या कामाला. त्यात खरी गंमत बंद डब्याची. आत काय आहे ते सांगायचं नाही, बघायचं नाही, तसाच बोली लावून घ्यायचा. आणि घेणारा दिलदार असेल तर तो डबा तिथंच परत अर्पण करतो, की पुन्हा लिलाव! अशा कामाला माझ्याशिवाय दुसरा कोण? पाळकसाहेबांनी मला विचारायचंसुद्धा सोडून दिलंय.

गेल्या खेपेला सणाच्याच रविवारी सारा पाच वर्षांची झाली. सारा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, मार्थाची मुलगी. लिलावानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांचं प्रीतिभोजन होतं, तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण. तिथंच मग वाढदिवस. केक मामाचा.

केक कसला हवा म्हणून साराला विचारलं. बाकीच्या मुलींना परी लागते, बाहुली लागते. ही म्हणाली, म्हैस. शेजारच्या गवळ्याची म्हैस रोज बघितल्याशिवाय पोरगी शाळेला जात नाही. बेकरीवाल्यानं मला दोनदा विचारलं, "पावणं, म्हैसच न्हवं?" पण पठ्ठ्यानं केली मात्र झकास. काळी कुळकुळीत, मागं वळलेली शिंगं, गळ्यात पांढऱ्या क्रीमच्या कवड्यांची माळ. सारानं आठवडाभर अख्ख्या संडे स्कूलला आमंत्रणं दिली होती. वाढदिवसाची नव्हे, म्हैस बघायला यायची.

आमची ही, म्हणजे माझी बायको रूथ, तिनं धूळ बसू नये म्हणून केकचा खोका माझ्या धुतलेल्या पंच्यात बांधला. चर्चच्या दारात माझ्या हातात दिला, जपून ठेवायला सांगितलं आणि स्वयंपाकाकडे पळाली. मी जपूनच ठेवला. पाळकसाहेबांच्या खोलीतल्या टेबलावर, अगदी मधोमध. ते टेबल लिलावाच्या वस्तूंचं होतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. मीच ते सकाळी तिथं लावलं होतं.

उपासना झाली, वाढदिवस म्हणून साराला पुढं बोलावून तिच्यासाठी प्रार्थना झाली, आणि तरुण संघानं ते टेबल उचलून बाहेर आणलं.

आता माझा एक दोष आहे. लिलावाला उभा राहिलो की मला माणसं दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. नारळ गेले, भोपळे गेले, कोंबडी गेली, आणि प्रत्येक मालाबरोबर माझं यार्डातलं पालुपदही गेलं. मग माझ्या हातात आला पंच्यात बांधलेला डबा. त्या पंच्यानं मी गेली कित्येक वर्षं रोज अंग पुसतोय. ओळखला नाही. उलट हुंगून बघितला आणि सांगितलं की आत साजूक तुपाचं काहीतरी आहे, ज्या घरानं हे दिलं त्या माउलीचा हात गोड आहे.

पहिली बोली राधानगरीकडच्या याकोबनानांची. म्हातारे भाताची शेती करतात, कानानं कमी आणि हट्टानं जास्त. त्यांच्यावर चढ कोण देतंय म्हणून बघतो, तर मागच्या दारातून एक हात वर. आमची ही! मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू? मी बोली चढवली. नानांनी वर चढवली. हिनं दोन्ही हात हलवले. मी डबल धरली. ती मान हलवत, हात हलवत पुढं पुढं यायला लागली, आणि दर पावलाला मी भाव वाढवत गेलो. नाना थांबले. डबा आमच्या घराला सुटला.

इथं तरी मी गप्प बसावं की नाही? पण अख्खी मंडळी टाळ्या वाजवतेय म्हटल्यावर माझी छाती फुगली. ही अजून चार बाकं लांब होती. मी जाहीर केलं, "आमच्या घरातनं ह्यो डबा परत अर्पण!" आणि तिथल्या तिथं नानांना विकला.

पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर आमच्या दातृत्वाचं कौतुक केलं. ते चालू असतानाच ही पोचली आणि माझ्या कानात म्हणाली, "अहो, म्हैस इकलीसा तुम्ही."

एवढ्या कौतुकानंतर दान परत कुठल्या तोंडानं मागायचं? जेवणात मी नानांच्या शेजारी बसलो. डबा मांडीवर ठेवून ते रस्सा भुरकत होते आणि प्रत्येक भुरक्याला माझा जीव त्या म्हशीत अडकत होता. डबा मी धरतो म्हटलं, नको म्हणाले. बदल्यात मोठा भोपळा देतो म्हटलं, तर घरी जाऊन म्हातारीसमोरच सोडणार म्हणाले. आणि पलीकडं सारा कागदी मुकुट घालून, हातात सुरी घेऊन रिकाम्या टेबलापुढं उभी. मार्था विचारत होती, "दादा, केक कुठं हाय?"

शेवटी मी नानांच्या कानाला लागलो आणि खरं काय ते हळूच सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. तिसऱ्यांदा माझा आवाज सुटला. सौद्यातला आवाज तो. अख्ख्या हॉलनं ऐकलं, बाहेर चपला शोधत असलेल्या पाळकसाहेबांनीही ऐकलं.

सारानं सुरी खाली ठेवली.

"मामा, तू माझी म्हैस इकलीस व्हय?"

एकदा नव्हे, दोनदा विकली होती.

नाना उठले. डबा पोरीपुढं ठेवला, पंच्याची गाठ सोडली आणि शांतपणे म्हणाले, "माल बघून घे गं बाळ. मागनं तक्रार चालणार न्हाई."

म्हशीचं तोंड नानांना मिळालं, शिंगं संडे स्कूलला. माझ्या ताटलीत सारानं शेपूट ठेवलं, तेही विचार करून. दोन्ही लिलावांचे पैसे मात्र मीच भरले, कारण नानांकडून घ्यायची हिची छाती झाली नाही आणि माझी तर नव्हतीच.

सोमवारी यार्डात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. राशीपुढे उभा राहिलो, तोंड उघडलं, पण माझं पालुपद हमालांनीच एका सुरात म्हणून टाकलं. तेव्हापासून आमच्याकडचा गूळ प्रत्येक व्यापारी ढेप फोडून, आत नीट वाकून बघूनच घेतो.