झाडबेडकाच्या पेटीतला ओलावा

सातवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी मला अंथरुणातून उठायलाच बंदी केली. कोल्हापुरात माहेरी, ऐन एप्रिलात, मी दिवसभर पंख्याकडं बघत पडून असायचे. पायाला मुंग्या, डोक्यात नाही नाही ते विचार. माझी तगमग बघून नवऱ्यानं एक काचेची पेटी आणून उशाशी ठेवली. आत झाडबेडूक! नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. गगनबावड्याहून आणलेल्या रोपांतून हा आला होता, मागचा पाय दुखावलेला.

"पाय बरा झाला की सोडून देऊ. तोवर ह्याची कातडी सुकू द्यायची नाही, एवढं तुझं काम," तो म्हणाला. पेटीत हवेतली ओल मोजणारी तबकडी होती. काटा साठाच्या खाली गेला की पाण्याचा फवारा मारायचा.

आमचं घर जैन. बेडकाला किडे घालायला नवरा संध्याकाळी यायचा, तेव्हा आई मुकाट स्वयंपाकघरात जाऊन बसायची. फवाऱ्याचं पाणी मात्र तीच गाळून, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवून द्यायची.

मी त्या कामावर तुटूनच पडले. दुपारी गरम वारं सुटायचं, काटा घसरायचा, माझा जीव वर-खाली. शेवटी धाकट्या बहिणीला सांगून झाकणाच्या जाळीवर प्लास्टिक ताणून घेतलं. काटा नव्वदीला टेकला, तरी माझा फवारा चालूच. आठवड्याभरात नारळाच्या भुशावर पांढरी बुरशी आली. बेडूक झाकणाजवळ जाळीला तोंड लावून बसायचा, खाली उतरेना.

"किती पाणी मारालीस गं?" आई वैतागली. "वास सुटलाय बघ. वारंच न्हाय की आत!" तिनं प्लास्टिक ओढून काढलं आणि फवाऱ्याची बाटली आपल्याकडं घेतली.

"दे की इकडं. मरंल तो."

"न्हाय मरत. सांजच्याला मार."

मला रडूच फुटलं. आई कॉटवर टेकली. "भ्या वाटतंय?" मी मान डोलावली. वर्षापूर्वी माझं एक बाळ पोटातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्या दुपारी आई पहिल्यांदा बोलली. "तवा तुझं काय बी चुकलं न्हवतं. आणि मला बी लई भ्या वाटतंय."

संध्याकाळी नवऱ्यानं भुसा बदलला. ओल पाहिजे, पण वरचेवर हवाही खेळली पाहिजे, दोन फवाऱ्यांमध्ये पानं जरा सुकू देत जा, म्हणाला. ते मधलं थांबणंच मला जड जायचं. बाटलीकडं हात वळायचा, मी तो चादरीखाली दाबून धरायचे. पण बेडूक पुन्हा पानावर येऊन बसायला लागला, पाय ताणायला लागला.

जूनमध्ये नवरा त्याला गगनबावड्याच्या ओढ्याकाठी सोडून आला. पुढं दिवस भरून मुलगी झाली. दवाखान्यात मी तिच्या श्वासाकडं बघत टक्क जागी राहायचे. शेवटी आईनंच दटावून मला झोपवलं.